नववी सिंफनी आणि चौऱ्याहत्तर मिनिटे

सामान्यज्ञानाच्या स्पर्धांत एक प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जात आला आहे. कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे ज्या चकतीला आपण सुटसुटीतपणे सीडी म्हणतो, तिच्यावर चौऱ्याहत्तर मिनिटांचेच संगीत मावावे अशी योजना का केली गेली? अपेक्षित उत्तर असे, की लुडविग फान बीथोव्हेनची नववी सिंफनी मध्ये न तुटता ऐकता यावी म्हणून. हे उत्तर ऐकले की मनाला मोठे समाधान वाटते. कारखानदार, अभियंते आणि हिशेबनीस टेबलाभोवती बसले आहेत आणि दीडशे वर्षांपूर्वी निवर्तलेल्या एका बहिऱ्या संगीतकारासाठी त्यांनी आपले माप बदलले, हे चित्रच असे आहे की ते खरे असावे असे कोणालाही वाटावे. म्हणूनच ते जरा निरखून पाहायला हवे.

नेदरलँड्समधील आइंडहोव्हेन येथे फिलिप्स कंपनीने ८ मार्च १९७९ रोजी पत्रकारांना एक लहानशी चकाकती तबकडी वाजवून दाखवली. तिचा व्यास साडेअकरा सेंटिमीटर होता आणि तिच्यावर सुमारे एक तासाचे संगीत बसत असे. साडेअकराच का, याचे उत्तर त्या कंपनीच्या आधीच्या यशात होते. १९६३ साली याच कंपनीने जगाला कॅसेट दिली होती आणि त्या कॅसेटचा कर्ण जवळजवळ तेवढाच होता. जे माप लोकांच्या हाताला बसले आहे तेच ठेवावे, असा हा व्यवहारी विचार. तबकडीच्या मधल्या भोकाबद्दलही अशीच कथा सांगतात. एका अभियंत्याने खिशातून दहा सेंटचे डच नाणे काढून टेबलावर ठेवले आणि भोकाचे माप ठरले. ते नाणे आणि ते भोक दोन्ही पंधरा मिलिमीटरची आहेत, एवढे मात्र मोजून पाहता येते.

त्याच वर्षी फिलिप्सने जपानच्या सोनी कंपनीशी हातमिळवणी केली. सोनीच्या बाजूने या कामात ज्यांचा शब्द चालत असे ते नोरिओ ओगा हे गृहस्थ मुळात गायक होते. टोकिओत आणि बर्लिनमध्ये त्यांनी गायनाचे रीतसर शिक्षण घेतले होते. तबकडी बारा सेंटिमीटरची करावी आणि तिच्यावर पंचाहत्तर मिनिटांपर्यंत संगीत बसावे, असा त्यांचा आग्रह होता. नववी सिंफनी आणि ऑपेराचे बहुतेक अंक न थांबता ऐकता आले पाहिजेत, हे त्यांचे कारण सोनीच्या इतिहासातच नोंदले आहे.

ऑपेराच्या जोडीला नेमकी नववीच जपानी माणसाला का आठवावी, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. पहिल्या महायुद्धात त्सिंगताओ येथे पकडले गेलेले जर्मन सैनिक जपानमधील शिकोकू बेटावर, बांदो येथील छावणीत कैदेत होते. त्यांनी तेथे वाद्यवृंद उभारला आणि १ जून १९१८ रोजी नववी सिंफनी आरंभापासून अखेरपर्यंत सादर केली. छावणीत स्त्रिया नव्हत्या, म्हणून स्त्रियांच्या आवाजासाठी लिहिलेला भाग पुरुषांसाठी फिरवून घेण्यात आला. आशिया खंडात ही कृती संपूर्ण वाजण्याची ती पहिली वेळ मानली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर तर डिसेंबर महिना आला की गावोगावी नववी गायची, ही जपानमधील रीतच होऊन बसली. आपल्याकडे नाताळच्या गाण्यांच्या सरावाला जशी सगळी आळी जमते, तशी तेथे हौशी मंडळी शेकडोंनी जमतात आणि जर्मन शब्द पाठ करतात.

तेव्हा ओगांनी नववीचे नाव काढले असेल, यात शंका घ्यावी असे काही नाही. शंका येते ती कथेच्या इतर रूपांमुळे. कोणी म्हणतात की ही इच्छा विख्यात वृंदसंचालक हर्बर्ट फॉन कारायान यांची होती. कोणी ती ओगांच्या पत्नीची सांगतात, तर कोणी सोनीचे संस्थापक अकिओ मोरिता यांच्या पत्नीची. एकाच इच्छेला इतके मालक निघाले की मालमत्तेची कागदपत्रे मागावी लागतात.

ती कागदपत्रे कोर्नेलिस इमिंक यांनी पुढे ठेवली. इमिंक हे त्या काळी फिलिप्सच्या प्रयोगशाळेत काम करणारे अभियंते. तबकडीवर संकेत कोणत्या रीतीने लिहायचे ती पद्धती त्यांनीच शोधलेली. २००७ साली लिहिलेल्या एका लेखात त्यांनी सांगितले की, माप बदलण्यामागे संगीतप्रेमापेक्षा धंद्याचा हिशेब मोठा होता. फिलिप्सच्या मालकीच्या पॉलिग्राम कंपनीने हॅनोव्हर येथे साडेअकरा सेंटिमीटरच्या तबकड्या काढण्याची तयारी आधीच केली होती. सोनीजवळ असा कारखाना नव्हता. तेच माप कायम राहिले असते तर फिलिप्स बाजारात फार पुढे निघून गेली असती. व्यास अर्ध्या सेंटिमीटरने वाढला आणि शर्यत पुन्हा एका रेषेवर आली. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक बोलका आहे. व्यास ठरल्यानंतर त्यांची नवी संकेतपद्धती स्वीकारली गेली आणि तिच्यामुळे त्याच जागेत जवळजवळ तीस टक्के अधिक संगीत बसू शकले असते. म्हणजे चौऱ्याहत्तर मिनिटांसाठी दहा सेंटिमीटरची तबकडीही पुरली असती. पण बारा सेंटिमीटर ठरले होते ते ठरले, आणि माहितीच तेवढी विरळ लिहिण्यात आली.

चौऱ्याहत्तर हा आकडा जेथून आला असे सांगतात ते ध्वनिमुद्रण विल्हेल्म फुर्टव्हेंग्लर यांचे आहे. युद्धानंतर बायरॉइटचा संगीतोत्सव पुन्हा सुरू झाला तेव्हा, २९ जुलै १९५१ रोजी, त्यांनी तेथे नववीचे संचालन केले. ते वादन सुमारे चौऱ्याहत्तर मिनिटे चालले. गंमत अशी की, आरंभीच्या काळात हेच वादन एका सीडीवर देता येत नव्हते. कारखान्याकडे जाणारी मूळ प्रत चित्रफितीच्या मोठ्या कॅसेटवर तयार होत असे आणि तिच्यावर जास्तीत जास्त बाहत्तर मिनिटेच बसत. ज्याच्यासाठी घर बांधले म्हणतात त्या पाहुण्याला दारातून आत येता येईना!

ही चित्रफीत येथे कशी आली, तेही सांगण्यासारखे आहे. सीडीवर आवाजाची लहर जशीच्या तशी कोरलेली नसते. दर सेकंदाला ४४,१०० वेळा त्या लहरीची उंची मोजतात आणि ते माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवून आकड्यांत लिहितात. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज कळतो आणि तो पकडायचा तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी हवी, हे झाले शास्त्र. पण नेमके ४४,१००? तर त्या काळी इतके आकडे साठवू शकेल असे सोयीचे साधन दूरदर्शनचे चित्र टिपणारी फीतच होती. जपान-अमेरिकेच्या पद्धतीत एका सेकंदात साठ चित्रक्षेत्रे, प्रत्येकात कामी येणाऱ्या २४५ ओळी आणि प्रत्येक ओळीवर तीन मोजण्या. गुणाकार करून पाहा. युरोपच्या पद्धतीत पन्नास क्षेत्रे, २९४ ओळी आणि पुन्हा तीन. उत्तर तेच येते. संगीताच्या इतिहासातील एक महत्त्वाचा आकडा असा दूरदर्शनच्या पडद्यावरील ओळी मोजून निघाला आहे.

हे आकडे चकतीच्या आत सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने, केंद्राकडून कडेकडे जाणाऱ्या एका सर्पिल वाटेवर मांडलेले असतात. वाटेच्या एका फेऱ्यापासून दुसऱ्या फेऱ्याचे अंतर मिलिमीटरच्या सहाशेव्या भागाच्या आसपास, आणि सगळी वाट उलगडली तर लांबी पाच किलोमीटरहून अधिक. डोळ्याला न दिसणारा लेसरचा किरण त्या वाटेवरून फिरतो आणि खळगा व सपाटी यांतील फरक परत आलेल्या प्रकाशावरून ओळखतो. मला स्वतःला यात सर्वांत विलक्षण वाटते ती चूक दुरुस्त करण्याची व्यवस्था. आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या एका पद्धतीनुसार आकड्यांबरोबर पडताळ्याचे जादा आकडे लिहिलेले असतात आणि ते सगळे दूरदूर विखरून ठेवलेले असतात. त्यामुळे वाटेवर अडीच मिलिमीटरचा ओरखडा पडला तरी हरवलेले आकडे यंत्र उरलेल्यांवरून पुन्हा काढते आणि ऐकणाऱ्याला काही कळतही नाही.

जुन्या पिढीला याचे मोल अधिक. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांच्या काळात एका बाजूवर चार-साडेचार मिनिटे बसत. म्हणजे नववी ऐकायची तर पंधरा-सोळा वेळा उठून बाजू बदलायची. पुढे एल.पी. आली, तरी अनेक संचांत तिसरा, संथ भाग मधोमध तोडावा लागे. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सीडी विक्रीस आली तेव्हा श्रोत्याला प्रथमच खुर्चीतून न उठता ही कृती ऐकण्याची सोय झाली. कथा कोणाचीही असो, हा लाभ खरा होता.

आता मूळ प्रश्न. नववी सिंफनी चौऱ्याहत्तर मिनिटांची आहे का? कारायान यांचे वादन सहासष्ट-सदुसष्ट मिनिटांत पूर्ण होते. रॉजर नॉरिंग्टन यांनी १९८७ साली जुन्या धर्तीच्या वाद्यांवर ती बासष्ट मिनिटांत वाजवून घेतली. संथ तिसरा भाग फुर्टव्हेंग्लर यांच्याकडे एकोणीस मिनिटांहून अधिक चालतो आणि नॉरिंग्टन यांच्याकडे जेमतेम अकरा. स्वर तेच, वाद्ये बहुतांशी तीच, आणि फरक मात्र जवळजवळ दुपटीचा. सगळा खेळ लयीचा आहे. आणि ही लय किती असावी, हे रचनाकाराने स्वतः आकड्यांत लिहून ठेवलेले आहे.

बीथोव्हेनचा बाप्तिस्मा १७ डिसेंबर १७७० रोजी बॉन शहरातील संत रेमिगियसच्या चर्चमध्ये झाला. कोलोनच्या आर्चबिशपांच्या दरबारात आजोबा संगीतप्रमुख होते. अठ्ठावीस-तिशीच्या सुमारास त्याच्या कानांनी दगा देण्यास आरंभ केला. १८०२ च्या ऑक्टोबरात हायलिगेनश्टाट या गावी भावांना उद्देशून त्याने एक पत्र लिहिले. बहिरेपणामुळे लोकांना तोंड दाखवणे कसे नकोसे झाले आहे आणि आपण जीव देण्यापासून केवळ कलेमुळे परावृत्त झालो, हे त्यात आहे. ते पत्र त्याने कधीच पाठवले नाही. त्याच्या मृत्यूनंतर ते कागदपत्रांत सापडले.

त्या काळची यंत्रविद्या त्याच्या मदतीला आली ती योहान नेपोमुक मेल्झेल या कारागिराच्या रूपाने. मेल्झेल ही मोठी अजब वल्ली होती. आपोआप वाजणारा संपूर्ण वाद्यवृंद त्याने बनवला होता, आणि बुद्धिबळ खेळणारा तो प्रसिद्ध ‘तुर्क’, ज्याच्या पेटीत खरा खेळाडू लपलेला असे, तोही पुढे याच्याच मालकीचा झाला. बीथोव्हेनसाठी त्याने पत्र्याचे कर्णे घडवले. कानाला लावायचे हे कर्णे आजही बॉनच्या बीथोव्हेन-गृहात पाहायला मिळतात. त्यांचा उपयोग थोडाच काळ झाला. १८१८ पासून भेटीला येणारे लोक आपले बोलणे वहीत लिहून देऊ लागले आणि तो बहुधा तोंडी उत्तर देई. अशा सुमारे एकशे चाळीस वह्या उरल्या आहेत. त्यांत प्रश्न सापडतात, उत्तरे क्वचितच.

मेल्झेलचे नाव मात्र राहिले ते दुसऱ्याच यंत्रामुळे. मिनिटाला ठरावीक ठोके देणारा मेट्रोनोम त्याने १८१५ च्या सुमारास आपल्या नावाने नोंदवला. मूळ कल्पना ॲमस्टरडॅम येथील डीट्रिख विंकेल यांची होती. त्यांनी ती आदल्याच वर्षी प्रत्यक्षात आणली होती. श्रेय आणि पैसा मेल्झेलकडे गेला.

बीथोव्हेनला हे यंत्र इतके पसंत पडले की १८१७ साली त्याने आपल्या पहिल्या आठही सिंफनींच्या लयीचे आकडे लाइपझिगच्या संगीतविषयक नियतकालिकात छापून आणले. ज्याला संचालकाचे वादन ऐकू येत नाही, त्याने आपली लय तरी सुरक्षित राहावी म्हणून आकड्यांचा आधार घ्यावा, हे समजण्यासारखे आहे.

येथेही एक दंतकथा आहेच. आठव्या सिंफनीच्या दुसऱ्या भागातील ती टकटक म्हणजे मेट्रोनोमची थट्टा, आणि १८१२ साली एका मेजवानीत बीथोव्हेनने मेल्झेलला उद्देशून रचलेल्या गमतीच्या गाण्यातून ती घेतली, असे अनेक पुस्तकांत वाचायला मिळते. ही माहिती बीथोव्हेनचा एके काळचा चिटणीस आंटोन शिंडलर याची. संवादाच्या वह्या त्याने मृत्यूनंतर ताब्यात घेतल्या आणि १८४६ साली बर्लिनच्या राजग्रंथालयाला विकल्या. १९७७ साली संशोधकांनी जाहीर केले की, त्या वह्यांत शिंडलरने बीथोव्हेनच्या मृत्यूनंतर आपल्या हाताने कितीतरी संवाद घुसडले आहेत. ते गमतीचे गाणेही त्याचीच करामत असावी, असे आता मानतात. मुळात १८१२ साली मेट्रोनोम हे नावच जन्माला आलेले नव्हते! शिंडलरने बीथोव्हेनशी आपली जवळीक वाढवून दाखवण्यासाठी हे केले. पुढच्या शतकातील कारखानदारांना तीच जवळीक जाहिरातीत बरी दिसली, तर त्यांना फार दोष देता येत नाही.

नववी प्रथम वाजली ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात, कॅर्न्टनरटोर नाट्यगृहात. त्याच कार्यक्रमात ‘मिस्सा सोलेम्निस’ या महामिस्साचे तीन भागही होते. नाट्यगृहात मिस्सा गाण्यास परवानगी नव्हती, म्हणून जाहिरातीत त्यांना ‘तीन भव्य स्तोत्रे’ असे नाव द्यावे लागले. संचालन मिखाएल उमलाउफ यांच्याकडे होते. बीथोव्हेन शेजारी उभा राहून लय दाखवत होता, पण त्याच्याकडे लक्ष देऊ नका, अशी वादकांना आधीच ताकीद होती. वादन संपले, टाळ्यांचा कडकडाट झाला, तरी त्याची पाठ प्रेक्षकांकडेच. अखेर कारोलिन उंगर या तरुण गायिकेने त्याला हलकेच वळवले, तेव्हा त्याला हलणारे हात आणि रुमाल दिसले. त्याच्या मनातली सिंफनी आणि सभागृहातली सिंफनी एकाच वेळी संपल्या होत्या का? मिनिटांचा प्रश्न मला येथे फार जड वाटतो.

लयीचे आकडे त्याने दोन वर्षांनी काढले, तेही किती कठीण दिवसांत! भाऊ कास्परच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा कार्ल याचा ताबा मिळवण्यासाठी बीथोव्हेन मुलाच्या आईशी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडला होता. काकाच्या कडक पहाऱ्याखाली वाढलेल्या त्या मुलाने १८२६ च्या उन्हाळ्यात स्वतःवर पिस्तूल झाडले. तो वाचला. २५ सप्टेंबर रोजी तो रुग्णालयातून घरी आला आणि दोनच दिवसांनी काका-पुतणे मेट्रोनोम घेऊन बसल्याचे संवादाच्या वहीवरून दिसते. काका लय दाखवीत असावा आणि पुतण्या यंत्राचे वजन वरखाली करून आकडा वहीत उतरवीत होता. पहिल्या भागाला ८८, तिसऱ्याला ६०. पुढल्या महिन्यात ते आकडे माइंझच्या शॉट या प्रकाशकाकडे रवाना झाले. त्यांत दोन-तीन ठिकाणी इतका गोंधळ आहे की विद्वान त्यावर अजून वाद घालतात. ज्या घरात बोललेले काहीच ऐकू जात नव्हते आणि जखमी मुलाला अजून काय बोलावे हे सुचत नसेल, त्या घरात आकडा चुकला तर नवल नाही.

हे आकडे पाळले तर नववी तासाभराच्या जवळपास संपते. म्हणजे फिलिप्सची ती साडेअकरा सेंटिमीटरची पहिली तबकडीही बहुधा पुरी पडली असती! अनेक संचालकांना मात्र ही लय अशक्य वाटते. यंत्र बिघडले असेल, असे कोणी म्हणतात. २०२० साली दोन संशोधकांनी छत्तीस संचालकांच्या ध्वनिमुद्रणांतील लय संगणकाने मोजली आणि बीथोव्हेन आकडा वजनाच्या वरच्या कडेऐवजी खालच्या कडेशी वाचत असावा, असा तर्क केला. नववीच्या हस्तलिखितावर त्याच्याच अक्षरात ‘१०८ किंवा १२०’ अशी नोंद आहे. एका वजनाच्या दोन कडांमध्ये जवळजवळ तेवढेच अंतर पडते. तर्क चतुर आहे. पण मला जलद लयीतली नववी ऐकताना ती अशक्य वाटत नाही. सवयीच्या नववीहून वेगळी एवढीच वाटते.

२७ नोव्हेंबर १८२६ रोजी बर्लिनमध्ये नववी वाजली आणि लोकांना ती अतिशय आवडली. ही वार्ता कळल्यावर बीथोव्हेनने डिसेंबरात शॉटला लिहिले की, या यशाचे श्रेय बरेचसे मेट्रोनोमच्या आकड्यांना आहे. मिस्सा सोलेम्निसही तेच प्रकाशक छापत होते. तिचेही आकडे पाठवतो, तोवर थांबा, असे त्याने कळवले. त्या महिन्यात तो अंथरुणाला खिळला. २४ मार्च १८२७ रोजी त्याने अंतिम संस्कार स्वीकारले आणि २६ तारखेला प्राण सोडला. मिस्साचे आकडे शॉटकडे आले नाहीत, आणि ती महामिस्सा तेव्हा छापली गेली तशीच आजही लयीच्या एकाही आकड्यावाचून छापली जाते.